डूलालीचा नळ

सांगली, ४ जानेवारी १९७६

ती. मामांना शालूचा नमस्कार.

मामीनं पाठवलेले नाचणीचे पापड पोचले. तळायला तेल तापेपर्यंत दम निघाला नाही, दोन कच्चेच खाल्ले. तिला सांगू नका, पोटात दुखेल म्हणून काळजी करत बसेल.

पाच वर्षांनी हे विलायतेहून आले होते, ते परवा परत गेले. वीस दिवस होते. बरोबर त्यांच्या दवाखान्यातला एक गोरा डॉक्टर होता, त्याला गणपतीचं देऊळ, हरिपूरचा संगम, मिरजेच्या सतारी, सगळं दाखवून झालं. मला न्यायचं काय, हे विचारायला एकांत मिळाला तो जाण्याच्या आदल्या दिवशी. म्हणाले, "बघू." पाच वर्षांपूर्वीही हाच शब्द होता, तेव्हा निदान त्याला "पुढच्या वर्षी" अशी शेपटी होती.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मी पुरणपोळी वाढत होते. गोऱ्यानं माझ्याकडं बघत ह्यांना काहीतरी विचारलं. ह्यांनी आवाज बारीक करून उत्तर दिलं, त्यात एक शब्द होता : डूलाली. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी मला येतं, पण हा शब्द कुठल्याच धड्यात नव्हता. तो ऐकल्यावर गोरा "सॉरी" म्हणाला आणि लंगड्या वासराकडं बघावं तसं माझ्याकडं बघू लागला. नंतर पोळी नको म्हणाला.

मामा, तुम्ही लढाईच्या काळात साहेबांच्या मेसमध्ये होता. मेढ्यात कोणाची तार आली की लोक अजून तुमच्याकडंच धावतात. ह्या शब्दाचा अर्थ काय ते उलट टपाली कळवा. मला झोप नाही असं नाही, पण कुतूहल आहे.

तुमची
शालू

&nbsp;

मेढा, १२ जानेवारी १९७६

चि. सौ. शालूस मामाचे व मामीचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी मोठ्यांदा हसलो. मामी चुलीपुढून उठून बघायला आली. अगं, डूलाली म्हणजे देवळाली! नाशिकजवळची छावणी. गोऱ्यांच्या जिभेला आपला 'ळ' झेपत नाही, म्हणून ते देवळालीला डूलाली म्हणायचे. मी पंचेचाळीस साली तिथंच होतो. लढाई संपलेले गोरे शिपाई विलायतेची बोट मिळेपर्यंत तिथं आणून ठेवलेले असत. हजारो. त्यांना चहा आणि डबल रोटी द्यायचं काम आमच्याकडं होतं.

आणि एक सांगतो. तिथला नळ भारी प्रसिद्ध होता. नळाला इंग्रजीत टॅप म्हणतात. एखादा शिपाई हजेरीला दिसला नाही की दुसरे म्हणायचे, "गॉन डूलाली टॅप." म्हणजे गेला देवळालीच्या नळावर. उन्हाळ्यात बिचारे डोकी भिजवत बसत असतील. मी एकदा एका साहेबाचा टॉवेल घेऊन त्याला शोधायला बराकीमागच्या नळावर गेलो होतो, पण तो काही तिथं नव्हता.

आता अर्थ उघड आहे. देवळालीची हवा गोऱ्यांनाही मानवते. मोठमोठे दवाखाने आहेत. जावईबापू त्या गोऱ्याबरोबर तिथं दवाखाना काढायच्या विचारात असणार, आणि तुला तिथं नेणार. गोरा सॉरी म्हणाला, कारण तुला विलायतेऐवजी देवळालीवर भागवावं लागणार. त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. विलायतेत काय आहे? ढग आहेत.

जावईबापू बोलले नाहीत, कारण पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नाही ही शिकलेल्यांची पद्धत. तू तयारीत रहा. मामी वाकळ शिवायला बसली आहे, देवळालीची थंडी मी तिला सांगितली.

मामा

&nbsp;

सांगली, २ फेब्रुवारी १९७६

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि मी एकटीच न्हाणीघरात जाऊन हसले. लग्नानंतर इतकं हसल्याचं आठवत नाही. ट्रंक खाली काढली. कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास लागला होता तो उन्हात घालवला. शेजारच्या जरिनाला सांगितलं. मोहिद्दीन अत्तारांची ही मुलगी कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, तिला माझ्याहून जास्त आनंद झाला.

सासूबाईंना म्हटलं, "देवळालीला कधी निघायचं ते कळलं तर बरं." त्या हातातलं सूप ठेवून सासऱ्यांकडं गेल्या. संध्याकाळी सासऱ्यांनी बोलावलं. "कुटं म्हनालीस?" मी म्हटलं, देवळालीला. "कोन न्हेनार?" म्हटलं, हे नेणार, तसं बोलणं झालंय. त्यांनी सासूबाईंकडं बघितलं. मग इतक्या मायेनं म्हणाले, "बरं बरं, जाशील हां, जाशील." मामा, ह्या घरात माझ्याशी इतकं गोड कोणी बोललं नव्हतं.

चार दिवसांनी मिरजेहून एक डॉक्टर आले. माझी तब्येत ठणठणीत आहे म्हटलं तरी बसवून घेतलं. आज वार कुठला, वर्षाचे महिने किती, शंभरातून सात गेले, उरले किती, असलं काहीबाही विचारलं. मी सगळं बरोबर सांगितलं. मग विचारलं, "कुठं निघालाय?" सांगितलं. "नवऱ्याचं पत्र आलंय का तसं?" म्हटलं, पत्र कशाला, माझ्या समोर बोलले, इंग्रजीतून. हे मात्र त्यांनी लिहून घेतलं.

छावणीच्या गावात राहायला जायचं तर अशी तपासणी लागते का?

शालू

&nbsp;

मेढा, ९ फेब्रुवारी १९७६

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

लागते म्हणजे काय, लागतेच. पलटणीत बदलीआधी मेडिकल झाल्याशिवाय गाडीत पाऊल टाकू देत नाहीत. आम्हाला तर दात सुद्धा मोजून दाखवावे लागले. तू सगळी उत्तरं बरोबर दिलीस, म्हणजे पास झालीस.

मी इथं एस.टी. स्टँडवर सगळ्यांना सांगितलं. ज्ञानू पानवाला विचारत होता, देवळालीला पान चांगलं मिळतं का.

मामा

&nbsp;

सांगली, २१ मार्च १९७६

मामा,

कोर्टाचा कागद आला. ह्यांनी वकिलामार्फत घटस्फोट मागितला आहे. कारण, बायको भ्रमिष्ट आहे, कित्येक वर्षं आहे, बरी होण्यासारखी नाही. पुरावा म्हणून मिरजेच्या डॉक्टरांचं मत जोडलं आहे : "सदर स्त्रीस नवरा आपल्याला देवळालीस नेणार असा ठाम भ्रम असून, त्यासाठी तिने सामान बांधले आहे."

मी कागद घेऊन जरिनाकडं गेले. तिनं तो दोनदा वाचला आणि मला नगर वाचनालयात नेलं. तिथला जाडजूड इंग्रजी शब्दकोश आम्ही दोघींनी मिळून टेबलावर आणला. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, कादंबऱ्या पलीकडच्या कपाटात आहेत." मी म्हटलं, माहीत आहे.

डूलाली सापडला. गोऱ्या शिपायांचा बोलीतला शब्द. अर्थ : वेडा, डोक्यावर परिणाम झालेला. उगम : देवळाली. तिथवर तुमचं बरोबर होतं मामा. पण पुढं लिहिलं आहे, की नोकरीची मुदत संपलेले शिपाई देवळालीला आणून ठेवत. बोटी फक्त थंडीच्या दिवसांत सुटत. जो उशिरा पोचला त्याला महिनोन्‌महिने तिथंच राहावं लागे. काम नाही, घरचा पत्ता नाही, वर ऊन. त्यात ज्यांचं डोकं फिरे, त्यांना बाकीचे म्हणत, हा डूलाली झाला. अख्खा शब्द 'डूलाली टॅप' असा आहे. आणि तो टॅप म्हणजे नळ नव्हे. आपला ताप. अंगात येतो तो.

तुमच्यासमोर रोज लोक सांगत होते की अमक्याला देवळालीचा ताप चढला, आणि तुम्ही टॉवेल घेऊन नळावर जात होता. आपलाच शब्द गोऱ्याच्या तोंडून आला आणि तुम्हाला ओळखू आला नाही. मलाही नाही.

मी तुमच्यावर रागावले आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल. पण तुमच्यावरचा राग ताकाएवढा पातळ आहे. खरा राग आहे तो त्या जेवणाच्या पाटावरचा. माझ्या हातची पोळी ताटात पडत असताना माझ्याच समोर मला वेडी म्हटलं, आणि ते अशा बोलीत, की मी हसून आणखी तूप वाढलं.

रडून झालं आहे. आता मी हा खटला लढणार. नवरा हवा म्हणून नाही. त्याला जायचं तर जाऊ दे. पण मला वेडी ठरवून जायचं नाही.

शालू

&nbsp;

मेढा, ६ एप्रिल १९७६

चि. शालूस मामाचे आशीर्वाद.

पत्र वाचून चार दिवस दुकानाच्या फळ्या उघडल्या नाहीत. काय लिहू. एक गोष्ट आठवली ती लिहितो. देवळालीला एक पोरसवदा गोरा होता. रोज सकाळी सामान बांधून पलंगावर ठेवायचा आणि मी चहा घेऊन गेलो की विचारायचा, आज बोट आहे का. मी नाही म्हणायचो. तो थँक्यू म्हणून सामान सोडायचा. त्याला सगळे डूलाली म्हणत. मला वाटे, छावणीत जुना झाला म्हणून त्याला गावाचं नाव पडलं. एक दिवस त्याला दवाखान्याच्या गाडीतून नेलं. आता वाटतं, त्याला वेड कसलं लागलं होतं? त्याला घरी जायचं होतं.

आता कामाचं. नानासो पाव्हणे, तुझे सासरे, परवा इथं येऊन गेले. वाईट बोलले नाहीत. तिकडं जावयाचं एका नर्सशी जमलं आहे, ते मोडणार नाही, हे त्यांनी कबूल केलं. म्हणाले, "आवं हवालदार, पोरीला कोर्टात उबी करू नगा. येडीला कोन बोल लावत न्हाई. टाकलेलीला समदं गाव बोल लावतंय." खटल्याला तू हजर राहिली नाहीस, तर मागची खोली आणि दोन वेळचं जेवण जन्मभर तुझं.

पोरी, मला त्यात थोडं तथ्य वाटतं. तुला आई-बाप नाहीत. मी म्हातारा. कोर्टात वकील बाईमाणसाला काय काय विचारतात ते मी ऐकून आहे. विचार कर.

मामी म्हणते, माझंही लिहा, आणि मी सांगते तस्संच लिहा. म्हणून लिहितो :

"शालू, ह्यास्नी कवा इंग्रजी आलं न्हाई आन्‌ मानसं तर त्याहून न्हाईत. नानासो आला तवा मी च्या दिला न्हाई. तू येडी न्हाईस. येडी असतीस तर पाच वरसं त्या घरात गप रांधलं नसतंस, कवाच भांडी फेकली असतीस. आता फेक. आन्‌ जेवन दोन येळचं हितंबी हाय. तुजी मामी अंबूबाई."

मामा

&nbsp;

तासगाव, १८ एप्रिल १९७६

ती. मामा आणि मामी,

वरचा गाव बदलला आहे तो बघा. भांडी फेकली नाहीत, मामी. घासून, पालथी घालून, ट्रंक उचलून बाहेर पडले. इथल्या बालवाडीत जरिनाच्या मावशीनं, शाहजादीबींनी, मला शब्द टाकून लावून घेतलं आहे. सकाळी चाळीस पोरांना गाणी म्हणायला लावते. त्यांतली निम्मी नाक पुसत असतात आणि उरलेली पुसत नाहीत. खोलीच्या मागं बेदाण्याचं शेड आहे, वास चोवीस तास आणि माश्याही तितक्याच.

मामा, तुमच्या पत्राचं उत्तर. मला बोल लागेल म्हणता. लागू दे. बोल लागला तर मला तोंड आहे, उलट बोलता येईल. वेडीला कोणी बोल लावत नाही कारण तिचं कोणी ऐकतच नाही. ती जेवली का विचारतात, पण तिला काय वाटतं हे विचारत नाहीत. मागच्या खोलीत जन्मभर "बरं बरं, जाशील हां" ऐकत बसू? त्या गोड बोलण्याला मी भुलले होते त्याचीच मला आता सर्वांत जास्त लाज वाटते.

पण माझे वकील म्हणतात, सगळा खटला देवळालीवर अडला आहे. बाकी डॉक्टरांच्या हातात काही नाही. मी निघाले होते हे खरं, ट्रंक भरली हे खरं, शेजाऱ्यांना सांगितलं हे खरं. तो भ्रम नव्हता, मला तसं सांगितलं गेलं होतं, हे कोर्टाला कोणीतरी सांगायला हवं. तुमची पत्रं दाखवून भागणार नाही, ती मीच लिहवून घेतली असं ते म्हणतील. तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहावं लागेल.

काय विचारतील तेही सांगते. इंग्रजी येतं का विचारतील. नळाचं विचारतील. लोक हसतील, आणि ते हसू तुमच्याआधी एस.टी.नं मेढ्याला पोचेल. मला हे कळतं. तरी मागते. दुसऱ्या कोणाकडं मागण्यासारखं नाही.

शालू

&nbsp;

मेढा, ११ मे १९७६

चि. शालूस.

तू मागतेस ते सोपं नाही. कोंडीबाच्या मुलाची आसामातून तार आली ती मी वाचली. साळूबाईचा भाऊ वारला ती तार मी वाचली. तालुक्यात मला लोक हवालदार म्हणतात ते पट्ट्यामुळं नाही, इंग्रजीमुळं. ते गेलं तर मी चहा-साखर विकणारा एक म्हातारा उरतो.

दुसरा कोणी साक्षीदार मिळतो का ते वकिलांना विचारून पहा.

मामा

&nbsp;

तासगाव, १६ मे १९७६

मामा,

विचारलं. मिळत नाही. मला डूलाली म्हणजे देवळाली असं सांगणारा माणूस अख्ख्या मुलखात एकच आहे.

शालू

&nbsp;

मेढा, २ जून १९७६

चि. शालूस.

येतो. तारीख कळव. मामीनं कोट धुतला.

मामा

&nbsp;

तासगाव, ३ ऑक्टोबर १९७७

श्री. लालासाहेब यांस,

नाव घेतलं म्हणून दचकू नका. आठ वर्षं 'हे' आणि 'अहो' करून झालं, त्यानं काही साधलं नाही.

तुमच्या वडिलांनी निकाल कळवलाच असेल, पण ते सगळं लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. तुमचा अर्ज गेल्या गुरुवारी फेटाळला. दीड वर्ष तारखा पडल्या, तुम्ही एकदाही आला नाहीत, त्यामुळं तुम्ही काय काय चुकवलं ते तुम्हाला कळायला हवं.

माझे मामा साक्षीला आले. मेढ्याहून पहाटेची एस.टी. धरून, जुना लष्करी कोट घालून. तुमच्या वकिलांनी विचारलं, "हवालदार, आपल्याला इंग्रजी येतं?" मामांनी कोट सारखा केला. मग म्हणाले, "न्हाई साहेब. तीस वरसं येतंय असं समजत हुतो. येत न्हाई." मग वकिलांनी त्यांच्याकडून नळाची हकिगत काढून घेतली. टॉवेलासकट. कोर्टात शिपायापासून कारकुनापर्यंत सगळे हसले. मामांनी त्यांना हसू दिलं. हसणं ओसरल्यावर न्यायाधीशांकडं बघून म्हणाले, "चूक माजी हाय. मी सांगितलं ते तिनं खरं मानलं. मामाचं खरं मानलं हा येडेपना आसंल, तर मुलखातल्या समद्या भाच्या आत घाला साहेब." मी त्या दिवशी खटला हरले असते तरी मला चाललं असतं.

मग मला विचारलं. नवऱ्यानं स्पष्ट काही सांगितलेलं नसताना तुम्ही देवळालीवर विश्वास कसा ठेवलात? मी म्हटलं, "साहेब, पाच वर्षं मी विलायतेवर विश्वास ठेवला. रोज. तेव्हा मला शहाणी म्हणत होते, सोशिक म्हणत होते, वटपौर्णिमेला माझं उदाहरण देत होते. पंधरा दिवस देवळालीवर ठेवला, तर डॉक्टर बोलावला." मिरजेचे डॉक्टर समोरच होते. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, ह्याच्यावर काही म्हणायचं आहे? त्यांनी नाही म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात तुमच्या वडिलांनी गाठलं. "आता तरी मिटव. कायदा बदललाय, दोगांच्या राजीखुशीनं हुतंय म्हनं. सही कर." मी म्हटलं, राजी मी आहे, पण खुशीनं म्हणून लिहून देणार नाही. मला खूश करायला कोणी आलं नव्हतं. मी माझा अर्ज वेगळा घातला आहे : नवरा मला सोडून गेला, सात वर्षं झाली, मला घटस्फोट हवा. समन्स तुमच्या पत्त्यावर येईल. अर्जावरच्या नावात 'अर्जदार' पुढं मी आहे आणि 'जाब देणार' पुढं तुम्ही. मला वाचायला बरं वाटलं.

इथं लोक मला टाकलेली म्हणतात. समोर म्हणतात, मागं म्हणतात. समोर म्हणणाऱ्यांना मी सांगते, टाकलं नाही, मी उठून आले. काहींना पटतं. बालवाडीतल्या एका पोराच्या आजीला पटलं नाही, पण तिनं घरची द्राक्षं पाठवली.

त्या शब्दाबद्दल थोडं. जरिना म्हणते, विलायतेत आता तो म्हातारेकोतारेच वापरतात. तुम्हाला एखाद्या जुन्या रोग्याकडून मिळाला असेल आणि ऐटबाज वाटला असेल. गाव आमच्याकडचं, ताप आमच्याकडचा. गोऱ्यांनी तो नेला, वापरून वापरून आकार घालवला, आणि तुम्ही तो उचलून आणून माझ्या स्वयंपाकघरात मला मारलात. मारायला स्वतःच्या घरातलं काही सापडलं नाही तुम्हाला.

त्या शिपायांचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्यात आणि माझ्यात फरक इतकाच, की त्यांना बोटीशिवाय घरी जायला दुसरा रस्ता नव्हता.

तुमच्यावर आता राग नाही असं लिहायचं मनात होतं. ते खोटं ठरेल. राग आहे, आणि तो मी सांभाळून ठेवणार आहे, पोरांना शिकवताना आवाज चढवायला उपयोगी पडतो. तुमच्याकडून मला काही नको. एकच सांगायचं आहे. पुन्हा कधी इकडं आलात, आणि मी वेडी आहे असं तुम्हाला म्हणावंसं वाटलं, तर मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणा, माझ्या तोंडावर म्हणा, आणि मराठीत म्हणा. उत्तर तिथल्या तिथं मिळेल.

शालू